हमिंग घालवायला कुठला ट्रान्सफॉर्मर घ्यावा: मेन्सचा की सिग्नलचा?

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाऊन नुसतं "आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर द्या" म्हटलं, तर काउंटरवर दोन अगदी वेगळ्या वस्तू येऊ शकतात. एक म्हणजे दोन्ही हातांनी उचलावा लागणारा लोखंड-तांब्याचा ठोकळा. त्यात २३० व्होल्ट जातात आणि २३० व्होल्टच बाहेर येतात. तो भिंतीतला प्लग आणि तुमचा अँप्लिफायर यांच्यामध्ये बसतो. दुसरी वस्तू काडेपेटीत दोन मावतील एवढी छोटी. ती मोबाइल, टीव्ही किंवा लॅपटॉपमधून अँपकडे जाणाऱ्या ऑडिओ केबलच्या वाटेत बसते.

दोघांचं नाव एकच आणि तत्त्वही एकच: दोन वेगळी वेटोळी, त्यांच्यात तारेचा संबंध नाही, जे काही पलीकडे जातं ते फक्त चुंबकीय क्षेत्रातून. पण ज्या दुखण्यावर एक लागू पडतो, त्यावर दुसऱ्याचा सहसा काही उपयोग नसतो. गेली बारा-पंधरा वर्षं मी स्वतःसाठी आणि ओळखीच्यांसाठी टीडीए ७२९४ आणि एलएम ३८८६ या अँप्लिफायर चिपवरचे अँप बांधतोय. या काळात चुकीचा ट्रान्सफॉर्मर घेऊन बसलेले बरेच लोक भेटले. पैसे गेले, वजन वाढलं आणि हमिंग, म्हणजे स्पीकरमधली ती सततची घूंघूं, तिथंच. म्हणून हा आढावा.

माझं मत आधीच सांगतो. घरी बांधलेल्या सिस्टिममध्ये मेन्सचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हा जवळजवळ कधीच पहिला उपाय नसतो. सिग्नलचा ट्रान्सफॉर्मर बऱ्याचदा बरोबर उपाय असतो, पण हमिंग दोन उपकरणांच्या जोडणीतून येतंय याची खात्री झाल्यावरच. आणि निम्म्याहून अधिक वेळा दोन्हींची गरज नसते, कारण दोष अँपच्या डब्यातच असतो.

आधी आवाज ओळखा

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यापासून दोन प्रकारचे आवाज स्पीकरमध्ये येतात आणि ते कानाला वेगळे ओळखू येतात. एक खालचा, गोल, पोटात जाणवणारा ५० हर्ट्झचा. दुसरा त्याच्या वरच्या सप्तकातला, जरा कडा असलेला, १०० हर्ट्झचा. फरक पटकन कळत नसेल तर मोबाइलवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या, हेडफोन लावा आणि दोन्ही स्वर आळीपाळीने ऐका. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ ऐकू येत नाही, त्यामुळे हेडफोन हवाच.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला हा आवाज इतरांपेक्षा जास्त छळतो. त्याचं कारण आहे. पांढरी एकचा पंचम मंद्रात साधारण ९८ हर्ट्झवर येतो आणि आपल्या विजेचं दुप्पट हमिंग १००वर. म्हणजे पांढरी एकमध्ये कुणी गात असेल, तर त्याच्या पंचमाशेजारी साधारण एक तृतीयांश अर्धस्वराने चढलेला, न हलणारा स्वर सतत उभा असतो. आलापी चालू असताना तंबोऱ्याच्या मागे तो स्पष्ट ऐकू येतो. माझे मामा रोज सकाळी तास-दीड तास ऐकतात. त्यांचं वाक्य होतं, "तंबोरा थांबला तरी हा थांबत नाही रे." त्यांच्याच सिस्टिमचं उदाहरण पुढे देणार आहे.

१०० हर्ट्झचा आवाज असेल तर संशय पॉवर सप्लायवर घ्या. ब्रिज रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडनंतर) उरणारा चढउतार, म्हणजे रिपल, १०० हर्ट्झचं असतं. फिल्टरचे कपॅसिटर वाळलेले किंवा कमी पडणारे असतील, किंवा त्यांच्या चार्जिंगचा झटका ज्या ग्राउंड तारेतून जातो त्याच तारेवर तुम्ही इनपुटचं ग्राउंड बांधलं असेल, तर हा आवाज येतो. यातलं दुसरं कारण घरगुती बांधणीत फार आढळतं. कपॅसिटरचं ग्राउंड, स्पीकरचं ग्राउंड आणि इनपुटचं ग्राउंड वेगवेगळ्या तारांनी एका बिंदूवर आणायचं असतं. आपण मात्र सोयीसाठी एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं जोडत जातो. हे कुठलाच ट्रान्सफॉर्मर सुधारू शकत नाही.

आता खात्री करायची एक साधी युक्ती. जुना आरसीए प्लग (टीव्ही-अँपच्या ऑडिओ केबलचा गोल प्लग) घ्या, त्याची मधली पिन आणि बाहेरची कडी एका तुकड्याने सोल्डर करून शॉर्ट करा. असे दोन प्लग करा. अँपच्या सगळ्या केबल काढा, हे दोन प्लग इनपुटमध्ये खोचा आणि अँप चालू करा. हमिंग तसंच राहिलं तर दोष आत आहे. झाकण उघडा, ग्राउंडिंग बघा, पॉवर ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या तारांपासून लांब आहे का बघा, व्हॉल्यूमच्या पॉटची (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरची) धातूची बॉडी ग्राउंडला जोडली आहे का बघा. ईआय प्रकारचा (E आणि I आकाराच्या पत्र्यांचा चौकोनी) ट्रान्सफॉर्मर असेल तर तो नुसता नव्वद अंशात फिरवूनही मोठा फरक पडतो. माझ्या एका अँपमध्ये ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सैल करून, हेडफोन कानाला लावून तो हळूहळू फिरवला, तर एका जागी हमिंग जवळजवळ नाहीसं झालं. तिथंच स्क्रू आवळले. हे करताना हात मेन्सच्या जोडण्यांपासून लांब ठेवा, त्या आधी झाकून घ्या.

शॉर्ट प्लग लावल्यावर अँप शांत झाला, आणि टीव्ही किंवा लॅपटॉप जोडताच आवाज परत आला, तर मग ट्रान्सफॉर्मरचा विषय सुरू होतो.

मामांची सिस्टिम

मामांकडे एलएम ३८८६ चा अँप. लोखंडी डबा, थ्री-पिन प्लग, अर्थिंग व्यवस्थित. त्याला टीव्ही आरसीए केबलने जोडलेला. टीव्हीला केबलवाल्याची कोॲक्स वायर. टीव्ही जोडला की ५० हर्ट्झचं भरदार हमिंग. कुणीतरी सल्ला दिला म्हणून त्यांनी ५०० व्हीएचा (व्हीए म्हणजे वॅटसारखंच क्षमतेचं माप) मेन्सचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणला आणि टीव्ही, अँप दोन्ही त्याच्यावर लावले. हमिंग किंचितही कमी झालं नाही.

मी गेल्यावर पहिलं काम केलं ते टीव्हीच्या मागची कोॲक्स वायर उपटून काढण्याचं. तत्क्षणी शांतता. परत लावली, परत आवाज.

नेमकं घडत होतं ते असं. अँपचा डबा थ्री-पिनमधून इमारतीच्या अर्थिंगला जोडलेला. केबलवाल्याच्या वायरची शिल्ड (मधल्या तारेभोवतीची जाळी) जिन्यातल्या त्याच्या बूस्टरपाशी कुठल्या तरी दुसऱ्या अर्थिंगला जोडलेली. या दोन अर्थिंगमध्ये थोडासा व्होल्टेजचा फरक नेहमीच असतो. कोॲक्सची शिल्ड, टीव्हीचं ग्राउंड, आरसीए केबलची शिल्ड, अँपचं ग्राउंड, अर्थिंगची तार असं एक मोठं कडं तयार झालं आणि त्या कड्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरायला लागला. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

प्रवाह फार नसतो, पण फार लागतही नाही. हिशेब करून बघा. आरसीए केबलची शिल्ड आणि तिचे सांधे मिळून ०.१ ओहम धरा, आणि त्यातून १० मिलिअँपिअर जातायत असं धरा. शिल्डच्या दोन टोकांत १ मिलिव्होल्टचा फरक पडला. आरसीएमध्ये शिल्ड हीच सिग्नलची परतीची वाट असते, त्यामुळे तो १ मिलिव्होल्ट सरळ सिग्नलमध्ये मिसळतो. घरगुती लाइन लेव्हल (एका उपकरणातून अँपकडे जाणाऱ्या सिग्नलचं नेहमीचं व्होल्टेज) साधारण ३१६ मिलिव्होल्ट. म्हणजे संगीत आणि हमिंग यांत ५० डेसिबलचं अंतर. चित्रपटाचं गाणं लावलं तर चालून जाईल. पण आलापात गाणं स्वतःच तीस-चाळीस डेसिबल खाली गेलेलं असतं, आणि मग हमिंग त्याच्या शेजारी येऊन बसतं.

आता प्रश्न असा की मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरने हे का थांबवलं नाही.

मेन्सचा ट्रान्सफॉर्मर: काय करतो, काय करत नाही

या कड्यात फेज आणि न्यूट्रल कुठंच नाहीत. प्रवाह फिरतोय तो अर्थिंगच्या तारेतून आणि शिल्डमधून. मेन्सचा ट्रान्सफॉर्मर फेज-न्यूट्रल वेगळे करतो, पण अर्थिंगची पिन इकडून तिकडे सरळ जोडलेली असते आणि तशीच असायला हवी. त्यामुळे कडं जसंच्या तसं राहतं.

शिवाय तुमच्या अँपच्या डब्यात जो २३० ते २२-०-२२ ट्रान्सफॉर्मर बसवलाय, तो स्वतः आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच आहे. त्याच्या सेकंडरीचा फेज-न्यूट्रलशी काही संबंध नाही. त्याच्या आधी आणखी एक लावून तेच काम दुसऱ्यांदा होतं, एवढंच.

इथे काही जण पुढचं पाऊल टाकतात: आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरनंतर अर्थिंगची पिन तोडून टाकतात. मग हमिंग जातं हे खरं, कारण कडं तुटलं. पण ते ट्रान्सफॉर्मरमुळे गेलं नाही, अर्थिंग तोडल्यामुळे गेलं. आणि आता लोखंडी डब्याचं संरक्षण गेलेलं आहे. असं तरंगतं सर्किट एकाच उपकरणासाठी, दोष एकच असेल तोवर सांभाळून घेतं. त्यावर दोन-तीन उपकरणं लावली आणि दोघांत वेगवेगळे दोष निर्माण झाले, तर दोन डब्यांमध्ये पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात. घरात बसवलेली आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) इथं मदतीला येत नाही. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह ताडून बघते. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे गळती झाली तरी तिच्या बाजूला दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे ती पडतच नाही.

काही जण तर ट्रान्सफॉर्मरही घेत नाहीत, नुसती थ्री-पिनची जाड पिन कापतात. आपल्या प्लगमध्ये अर्थची पिन लांब ठेवलेली असते, ती सॉकेटमध्ये सगळ्यात आधी लागावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. ती पिन कापलेला अँप माझ्याकडे दुरुस्तीला आला, तर मी आधी प्लग बदलतो आणि मगच झाकण उघडतो. लहान मुलं त्या डब्याला हात लावतात. यावर मी कुणाशी तडजोड करत नाही.

मग मेन्सचा ट्रान्सफॉर्मर घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण या कामांसाठी.

जुने व्हॉल्व्हचे एसी-डीसी रेडिओ दुरुस्त करत असाल तर तो अत्यावश्यक आहे. त्या रेडिओंत पॉवर ट्रान्सफॉर्मरच नसतो, चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते, आणि प्लग उलटा लागला तर चासीवर फेज येतो. अशा रेडिओला किंवा रेकॉर्ड प्लेअरला बाहेरून ऑडिओ केबल जोडायची तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसताना हातही लावू नये. दुरुस्तीच्या टेबलावर ऑसिलोस्कोप वापरत असाल तर तपासायच्या उपकरणासाठीही तो हवा.

दुसरं काम म्हणजे मेन्समधून येणारी खरखर. बिल्डिंगचा पंप, लिफ्ट, स्वयंपाकघरातला मिक्सर चालू झाला की स्पीकरमध्ये कचकच होत असेल, तर दोन वेटोळ्यांमध्ये तांब्याच्या पत्र्याची स्क्रीन असलेला आणि ती स्क्रीन अर्थिंगला जोडलेला ट्रान्सफॉर्मर फरक पाडतो. वाइंडरकडून करून घेणार असाल तर ही स्क्रीन मुद्दाम सांगा, नाहीतर ती टाकली जात नाही. पण हे हमिंग नव्हे. हे वेगळं दुखणं आहे.

तिसरी गोष्ट अनेकांची फसगत करते. स्पीकर शांत आहे, पण अँपचा डबाच घूं करतोय. हा टोरॉइड (कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरचा यांत्रिक आवाज. मेन्सच्या लहरीत थोडासा डीसी मिसळला की टोरॉइडचा गाभा एका बाजूला भरतो आणि ट्रान्सफॉर्मर थरथरतो. मेन्सचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर डीसी पलीकडे जाऊ देत नाही हे खरं, पण ते काम दोन मोठे कपॅसिटर आणि एक ब्रिज रेक्टिफायर वापरून केलेला डीसी ब्लॉकर खूप कमी पैशांत करतो.

घ्यायचाच असेल तर मापात काटकसर करू नका. अँप सरासरी जेवढी वॅट खातो त्याच्या दुप्पट व्हीए धरा. पॉवर सप्लायचे कपॅसिटर मेन्सच्या लहरीच्या माथ्यावरच करंट ओढतात, आणि ट्रान्सफॉर्मर लहान असेल तर तो माथा चपटा होतो आणि सप्लायचं व्होल्टेज बसतं. मोठा टोरॉइड असेल तर चालू करताना एमसीबी पडण्याची शक्यताही असते, त्यासाठी सॉफ्ट स्टार्ट (सुरुवातीचा झटका रोखणारं सर्किट) लागतो. किंमत हजारांत, वजन पाच-सात किलो, आणि ठेवायला जागा वेगळीच. मामांच्या घरचा तो आता माझ्याकडे दुरुस्तीच्या कामासाठी येऊन बसला आहे, आणि ते योग्य ठिकाण आहे.

सिग्नलचा ट्रान्सफॉर्मर: लूपवरचा खरा उपाय

हा आरसीए केबलच्या वाटेतच बसतो. टीव्हीची शिल्ड एका वेटोळ्याला, अँपची शिल्ड दुसऱ्या वेटोळ्याला. मध्ये तार नाही, त्यामुळे लूपचा प्रवाह तुटला. संगीत मात्र चुंबकीय वाटेने पलीकडे गेलं. अर्थिंगला हात लावला नाही, डब्याचं संरक्षण शाबूत. दोन उपकरणांमधला लूप तोडायचा तर तो इथं तोडणं हेच मला पटतं.

प्रश्न असतो दर्जाचा, आणि इथं स्वस्त व महाग यांतला फरक खराखुरा आहे.

बाजारात दोन-चारशे रुपयांत "ग्राउंड लूप आयसोलेटर" म्हणून छोटी डबी मिळते, दोन्ही बाजूंना आरसीए किंवा ३.५ मिमीची केबल. मी एक डबी ब्लेडने उघडली. आत पिवळ्या टेपमध्ये गुंडाळलेले, नखाएवढ्या गाभ्याचे दोन ट्रान्सफॉर्मर, केसासारखी तार. बाकी काही नाही. मामांच्या टीव्हीला ती लावली तेव्हा हमिंग शंभर टक्के गेलं. मामा खूश. मग त्यांनी तबल्याचं एक रेकॉर्डिंग लावलं आणि दोन मिनिटांनी म्हणाले, "डग्गा कुठं गेला?"

चाटी, किनार, तिरकिट सगळं होतं. डग्ग्याचा घुमारा मात्र बसला होता. मींडेत आवाज खाली जायला लागला की तो फुगायचा थांबायचा आणि त्याजागी एक जाडसर खरखर यायची.

कारण गाभ्याच्या आकारात आहे. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात जेवढं चुंबकत्व भरतं, ते व्होल्टेज वाढलं की वाढतं आणि वारंवारता कमी झाली की वाढतं. जो ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झला १ व्होल्ट सुखाने पेलतो, तो ५० हर्ट्झला अर्धाच व्होल्ट पेलतो आणि २५ला पाव. मर्यादा ओलांडली की गाभा भरतो आणि लहरीचा आकार मोडतो. मी टोन जनरेटरवरून ४० हर्ट्झ सोडून बघितलं. पूर्ण आवाजाला शुद्ध स्वराऐवजी १२० हर्ट्झचा तिसरा हार्मोनिक ठळक ऐकू यायला लागला. स्रोताचा आवाज पाव केला, तर स्वर परत गोल झाला.

यात स्वस्त डबी वापरणाऱ्यासाठी एक उपायही दडलेला आहे. टीव्हीचा किंवा मोबाइलचा आवाज कमी ठेवा आणि अँपचा वाढवा. ट्रान्सफॉर्मरवर कमी व्होल्टेज येईल आणि खालचे स्वर वाचतील. बातम्या, मालिका, कॉम्प्युटरचे छोटे स्पीकर, गाडीतला चार्जरवर लावलेला मोबाइल, या सगळ्यांसाठी ही डबी पुरेशी आहे आणि तिच्यावर जास्त पैसे घालू नयेत. ज्यांचे स्पीकर ७०-८० हर्ट्झच्या खाली जातच नाहीत, त्यांना उणीव जाणवणारही नाही.

पण सबवूफर आहे, किंवा पखवाज, डग्गा, ऑर्गन, बेस गिटार मन लावून ऐकायचं आहे, तर मोठ्या गाभ्याचा, निकेलयुक्त मिश्रधातूच्या पत्र्यांचा, म्यू-मेटलच्या (बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या धातूच्या) डब्यात बसवलेला ट्रान्सफॉर्मर लागतो. अमेरिकेतली जेन्सन, स्वीडनची लुंडाल, इंग्लंडची सोवटर ही या क्षेत्रातली जुनी नावं. एका चॅनलला हजारो रुपये लागतात, आणि स्टिरिओला दोन नग. इतकी किंमत सगळ्यांनी द्यावी असं मी म्हणणार नाही. दोघांच्या मधली वाटही आहे: जुन्या टेलिफोन आणि प्रसारणाच्या साहित्यातले ६०० ओहमचे लाइन ट्रान्सफॉर्मर भंगारात मिळतात. त्यांतले मोठ्या गाभ्याचे नग फार चांगले निघतात, पण नग निवडायला मीटर आणि कान दोन्ही सोबत घेऊन जावं लागतं.

जोडताना तीन गोष्टी सांभाळा.

ट्रान्सफॉर्मर अँपच्या बाजूला, इनपुटच्या अगदी जवळ बसवा. नंतरची केबल जेवढी लांब, तेवढे वरचे स्वर बिघडतात. दुसरं, ६०० ओहमच्या ट्रान्सफॉर्मरला चालवणारा स्रोत ताकदीचा हवा. मोबाइलचा हेडफोन आउटपुट किंवा ऑप-अँपचा बफर चालतो. ५० के (किलोओहम) च्या व्हॉल्यूम पॉटनंतर किंवा व्हॉल्व्हच्या प्रीअँपनंतर हा लावला तर बास पार गळून जातो. तिथं १० के : १० के चा हवा. आणि तिसरं, हा ट्रान्सफॉर्मर स्वतः चुंबकीय अँटेना आहे. तो अँपच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरशेजारी बसवला तर एक हमिंग घालवून दुसरं आणाल. लांब ठेवा, आणि जागा पक्की करण्याआधी हातात धरून फिरवून बघा.

ट्रान्सफॉर्मर न घेता

काही ठिकाणी दोघांचीही गरज नसते, आणि ते आधी तपासणं परवडतं.

टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असेल तर मी आता सरळ तेच सुचवतो. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली टॉसलिंकची ही जोडणी प्रकाशाची आहे. प्लास्टिकच्या धाग्यातून विजेचा प्रवाह जाऊच शकत नाही, त्यामुळे लूप तयार होण्याचा प्रश्न नाही आणि बास कापला जाण्याचाही नाही. एक छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा ऑडिओ सिग्नल करणारी डबी) घ्यावा लागतो, तोही चांगल्या ट्रान्सफॉर्मरच्या जोडीपेक्षा स्वस्त पडतो. मामांकडे शेवटी हेच बसवलं. डग्गा परत आला.

लॅपटॉप चार्जरवर असताना आवाज येतो आणि बॅटरीवर असताना जात असेल, तर यूएसबी डॅकच्या आधी एडीयूएम ३१६० किंवा ४१६० चिपचा यूएसबी आयसोलेटर लावता येतो. ऑडिओला त्याचा वेग पुरतो, मात्र फार वरच्या सॅम्पलिंगचे डॅक त्यावर चालत नाहीत. दोन पिनांच्या चार्जरचा लॅपटॉप हाताला चुरचुरतो तो आतल्या वाय कपॅसिटरमुळे (मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांना जोडणाऱ्या छोट्या कपॅसिटरमुळे). २.२ नॅनोफॅरडमधून २३० व्होल्टला साधारण ०.१६ मिलिअँपिअर गळतो. धोका नाही, पण तरंगत्या, म्हणजे अर्थिंग नसलेल्या, अँपमध्ये तेवढ्यानेही बझ येतो.

ब्लूटूथ मॉड्यूल अँपच्याच डब्यात बसवलं आणि अँपच्याच सप्लायवरून ५ व्होल्ट काढून दिले, तर चींचीं असा बारीक आवाज येतो. पुष्कळ जण यालाही हमिंग म्हणतात. इथं बी०५०५एस सारखं आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूल लावलं की बहुतेक वेळा काम होतं.

आणि स्वतः अँप बांधत असाल तर लूप ब्रेकर, म्हणजे लूप अडवणारं छोटं सर्किट, आतच घाला. मेन्सची अर्थ वायर डब्याला बोल्टने घट्ट, कायमची. ऑडिओचं ग्राउंड मात्र डब्याला थेट न जोडता १० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून. त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ३५ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर: त्याचे प्लस-मायनस एकमेकांना जोडायचे आणि एसीची दोन टोकं रेझिस्टरच्या दोन बाजूंना. लूपचे मिलिव्होल्ट रेझिस्टरवर अडतात. आत काही फाटून फेज ऑडिओ ग्राउंडवर आला, तर ब्रिज लगेच वाहायला लागतो आणि फ्यूज उडतो. आरसीएची सॉकेट्स डब्यापासून प्लास्टिकच्या वॉशरने वेगळी ठेवली नाहीत तर हा सगळा खटाटोप वाया. खर्च शंभर-दोनशे रुपयांचा, आणि मी बांधलेल्या अँपमध्ये सिग्नलच्या ट्रान्सफॉर्मरची गरज यामुळेच फारशी पडत नाही.

भजनी मंडळ, गणेश मंडळ, शाळेचं स्नेहसंमेलन यांसाठी कीबोर्ड किंवा लॅपटॉप लांबच्या मिक्सरला जोडणार असाल, तर ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह डीआय बॉक्स (वाद्य लांबच्या मिक्सरला जोडायची डबी) घ्या. त्यावर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नलचं ग्राउंड तोडायचं, बटण असतं. मंडपात लावलेली तात्पुरती वायरिंग आणि जनरेटर यांच्या अर्थिंगवर विसंबता येत नाही, त्यामुळे तिथं पिन कापण्याचा विचारही नको.

अर्थिंगच नसलेलं घर

वाडे, जुन्या चाळी, गावाकडची घरं यांत बऱ्याचदा सॉकेटला तीन भोकं असतात, पण तिसऱ्यात तार नसते. इथल्या हमिंगची खूण वेगळी: अँपच्या डब्याला हात लावला की आवाज कमी होतो. तुमचं शरीर त्याला थोडंसं अर्थ करतं म्हणून. अशा घरात मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नको आणि सिग्नलचाही नको. ते पैसे इलेक्ट्रिशियनला द्या आणि अंगणात किंवा परसात नीट अर्थिंग करून घ्या. पाइप किंवा प्लेट, सोबत कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला तोंड. उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा. अँप शांत होईल, आणि फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीनही सुरक्षित होतील.

सिग्नलचा ट्रान्सफॉर्मर घ्यायचं ठरलंच, तर दुकानातून निघण्याआधी मल्टिमीटरने एवढं तपासा. आयसोलेटरच्या एका बाजूची कडी आणि दुसऱ्या बाजूची कडी यांत कंटिन्युइटी लावा. बीप यायला नको. धातूच्या डब्यांतल्या काही आयसोलेटरमध्ये दोन्ही सॉकेट एकाच पत्र्यावर आवळलेली असतात, आणि मग आत ट्रान्सफॉर्मर असूनही ग्राउंड पत्र्यातूनच पलीकडे जातं. मग मधली पिन आणि त्याच बाजूची कडी यांत ओहम मोजा. डबीवर ६०० लिहिलंय म्हणून मीटरवर ६०० दिसणार नाही, कारण तो इम्पिडन्स (ऑडिओ सिग्नलला होणारा एकूण विरोध) आहे. तारेचा नुसता रोध त्याच्यापेक्षा बराच कमी दिसतो. मात्र डावा आणि उजवा चॅनल जवळपास सारखा दिसायला हवा. मोठा फरक असेल तर दुसरा नग मागा.